शुक्रवारचा फोन

शाळेत निबंधाला विषय असायचा, विज्ञान : शाप की वरदान. आता विज्ञानाच्या जागी इंटरनेट घालतात, बाकी सगळं तेच. कुणीतरी मला अशा स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावतं आणि मी तिथे दरवेळी तेच सांगून, चहा पिऊन परत येते. शाप आणि वरदान द्यायला ऋषिमुनी लागतात. ठाण्यातल्या आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमध्ये ऋषिमुनी नव्हते. एक फोन होता, एक मोडेम होतं आणि तळमजल्यावर एक मावशी होती. या तिघांचं काय झालं तेवढं मला माहीत आहे.

आधी फोन. तो आमच्या घरात होता पण आमचा कधीच नव्हता. ऐंशीच्या दशकात फोनसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची. बाबांनी नंबर लावला तेव्हा मी बालवाडीत होते आणि फोन आला तेव्हा मला पोळ्या लाटता येत होत्या. त्या दिवशी बाबांनी नारळ फोडला, आईने फोनला हळदकुंकू वाहिलं, आणि पेढे वाटायला मला वरखाली पिटाळलं. पेढ्यांबरोबर आमचा नंबरही घरोघरी गेला. तीन मजल्यांत दुसरा फोन नव्हता.

तेव्हापासून बिल्डिंगमधल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर, प्रत्येक स्थळाच्या माहितीत, नोकरीच्या प्रत्येक अर्जावर आमचा नंबर आणि त्याच्यापुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, माणूस बोलावून मिळेल. बोलावणारी मी. “जरा दुसऱ्या मजल्यावरच्यांना बोलवता का, पाच मिनिटांनी परत करतो,” एवढं बोलून पलीकडचा माणूस फोन ठेवायचा आणि मी गणित अर्धवट टाकून जिना चढायचे. मग ती माणसं येऊन आमच्या खुर्चीत वाट बघत बसायची, आई चहा टाकायची, आणि फोन आला की आम्ही स्वयंपाकघरात जाऊन ऐकू येत नाही असं दाखवायचो. कुणाचं लग्न का मोडलं, कुणाचा जावई कुठे नाक घासतोय, सगळं मला परकर नेसायच्या वयात ठाऊक होतं. बिनपगारी फुल अधिकारी म्हणतात तसं. माझ्याकडे तर अधिकारही नव्हता.

बाबांना मात्र त्याचा फार अभिमान. ते वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे त्यांना कोणी फारसं विचारायचं नाही, आणि इथे अख्खी बिल्डिंग “तुमच्यामुळे हो” म्हणायची. फोनवर बसून कुणी रडलं की बाबा हळूच पंखा मोठा करायचे, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

त्या फोनवर सगळ्यात पक्की वहिवाट होती ती मावशीची. ती तळमजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत राहायची. माहेर चेंदणीच्या कोळीवाड्यातलं. नवरा लवकर गेलेला, स्टेशनजवळच्या बाजारात मासळी विकून तिने एकुलता मुलगा वाढवला आणि तो वेल्डर होऊन मस्कतला गेला. तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी दुपारी त्याचा फोन. मावशी त्या दिवशी बाजार लवकर आटपायची, न्हाऊन, केसांत अबोलीचा वळेसर घालून आमच्याकडे यायची आणि मस्कतला थेट ऐकू जावं अशा आवाजात बोलायची. विचारायची ते एवढंच, की जेवलास का, काय जेवलास. पण फोन ठेवल्यावर आम्हाला सगळं सांगायची. आज त्याला पडसं झालंय. आज कुणाशी तरी वाजलंय त्याचं. आज खूश आहे, पगार झाला असणार. हे त्याने सांगितलेलं नसायचं. ती आवाजावरून काढायची, आणि पुढच्या शुक्रवारी ते खरं निघायचं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी डोंबिवलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. समोरची मुलं कुठून कुठून काय काय वाचून यायची आणि मला अडवायची. त्यांच्या पुढे राहायचं तर मला इंटरनेट हवंच होतं. क्लासने नवी मशीन घेतली तेव्हा त्यांचं एक जुनं मी घरी आणलं आणि कनेक्शन घेतलं. ते कनेक्शन फोनच्याच वायरीवरून चालायचं. मोडेम कुईं कुईं, खर्र खर्र करत जोडलं गेलं की फोन बंद. बाहेरून लावणाऱ्याला नुसता एंगेज टोन.

पहिल्याच आठवड्यात बिल्डिंग पेटली. कुणाच्या तरी भावाचा कल्याणहून फोन लागला नाही, कुणाच्या मुलीला बघायला येणारे परस्पर डोंबिवलीला दुसरी मुलगी बघून आले. रविवारी आमच्याच घरात आमच्याविरुद्ध सभा भरली आणि आईने सगळ्यांना पोहे केले. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “फोनचं सोडा हो. पण इंटरनेटवर नको नको ते असतं. मुली बिघडतात.”

“बिघडायला इंटरनेट कशाला पाहिजे काका?” मी म्हटलं. “इतकी वर्षं तुमच्या सगळ्यांचे फोन ऐकतेय, तेवढ्यावर बिघडले असते.”

आईच्या हातातली डिश खाली पडायची राहिली. बाबा जमिनीकडे बघत बसले. मी मात्र उठून सांगून टाकलं की रोज दुपारी एक तास लाइन माझी, बाकी दिवसभर तुमची, आणि ज्याला पटत नाही त्याने स्वतःच्या फोनला नंबर लावावा. आता तर लगेच मिळतो. मला उद्धट म्हणाले. म्हणू देत. माझं अर्धं लहानपण त्या जिन्यावर गेलं होतं, एक तास मी कुणाच्याही बापाला देणार नव्हते.

फक्त मावशी काही बोलली नव्हती. जाताना माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, “गो बाय, तुजा कवा पन येल घे. शुक्करवार माजा.”

शुक्रवार मी तिला दिला. पण खरं सांगायचं तर तो मला खुपायचा, कारण शुक्रवारी माझा क्लास नसायचा आणि दुपार मोकळी मिळायची. म्हणून नारळी पौर्णिमेच्या सुमारास तिचा फोन आलेला असताना मी रिसीव्हर मागून घेतला आणि मुलाला म्हटलं, दादा, तुमच्या कंपनीत कॉम्प्युटर असेल ना? मावशीला ईमेल करा, मी वाचून दाखवीन. रोज लिहा, वाट्टेल तेवढं लिहा. त्याने पत्ता लिहून घेतला. पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही. ईमेल आली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मस्कतहून निघालेला मजकूर चहा उकळायच्या आत कोपरीत. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मी मावशीला खुर्चीत बसवून मोठ्याने वाचलं. “प्रिय आई, सादर नमस्कार. मी इकडे मजेत आहे. फोनला फार रांग असते, तरी आता असंच लिहीत जाईन. तू तब्येतीची काळजी घे.”

मावशीने नीट ऐकलं. मग म्हणाली, “ह्या माजा पोऱ्या नाय.”

“अगं, त्याचंच नाव आहे खाली.”

“नाव ऱ्हाऊ दे. ‘सादर नमस्कार’ कोन आयशीला करतंय? त्याला ‘काय गो आये’बिगर तोंड उघडता येत नाय.”

मी तिला समजावलं, की लिहिताना माणूस असंच लिहितो, बोलल्यासारखं नाही लिहीत. मला तेव्हा तसंच वाटत होतं. ती आठवड्याला दोन-तीनदा यायची, मी वाचायचे, ती सांगेल ते मी लिहायचे. ती म्हणायची, “लिव, मेल्या, बोंबील सुकवलंय तुज्यासाटी, कवा येतंस?” मी लिहायचे, “आम्ही सर्व ठीक आहोत, तुझी आठवण येते.” त्याच्याकडून उत्तर यायचं, “मी मजेत आहे.” दर वेळी मजेत. पाऊस संपेपर्यंत तो नुसता मजेतच होता, आणि फोन एकही नव्हता. मावशी तरी शुक्रवारी वळेसर घालून यायची आणि फोनशेजारी बसून जायची.

“अक्षरांना पडसा होत नाय गो,” एकदा म्हणाली. “मना कलनार कसा तो बरा हाय का नाय?” त्या दिवशी तिने चहा तसाच ठेवला. मग म्हणाली, “त्याला म्हनाव, तोंड दाखव.”

मी लिहिलं, आई फोटो मागतेय. नवरात्र लागायच्या जरा आधी फोटो आला. तेव्हा पडद्यावर फोटो एकदम दिसायचा नाही. वरून खाली, पट्टी पट्टी करत उतरायचा. आधी नुसतं आभाळ आलं. मग केस आले, भांग आला, कपाळ आलं. मावशी खुर्चीच्या टोकावर सरकली. भुवया आल्या आणि कनेक्शन तुटलं. तिने मला अशी शिवी घातली की स्वयंपाकघरात आई हसली. पुन्हा जोडलं. पुन्हा आभाळापासून सुरुवात. डोळे, नाक, मिशी, हसरं तोंड, गळा. मावशीने काचेवर बोट ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, जिंकलं. बघ म्हणावं, फोनमध्ये दिसतं का असं?

मग शर्ट उतरला. निळ्या चौकड्यांचा.

मावशीने बोट काढलं. उठली, खाली गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात तोच शर्ट होता. निळ्या चौकड्या, डाव्या खिशाला निराळं बटण. तिने तो पडद्याला भिडवून धरला.

“ह्यो माज्या पेटीत हाय,” ती म्हणाली. “जाताना सोरून गेलाय. मंग तिकरं ह्यो घालून हसतंय कोन?”

आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, त्या शर्टाकडे बघत राहिलो. फोटो जुना होता. जायच्या आधी ठाण्यात काढलेला, त्याच्या पाकिटातला असणार. विचारलेला आजचा चेहरा, आणि पाठवला होता काही वर्षांपूर्वीचा.

त्या दिवसापासून मावशीने उत्तर देणं बंद केलं. “आवाज आयकल्याबिगर माज्याकरून एक अक्षर नाय जायाचा,” म्हणाली. तिकडून आठवड्याभरात घाबरलेल्या ईमेली यायला लागल्या. आई बरी आहे ना? आई रागावली का? मी त्या तिला वाचून दाखवायचे आणि ती सुपारी कातरत बसायची. बिल्डिंगला दोन्हीकडून तोंड फुटलं. काका म्हणाले, बघा, सांगत नव्हतो, हे असलं यंत्र घरात आणलं की माणसं तुटतात. बाकीचे म्हणाले, कसली दगडाच्या काळजाची आई. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “तिच्या नावाने दोन ओळी लिहून टाक. आई बरी आहे म्हणावं. तिला कळणारही नाही.”

“ती काहीच कळवू नको म्हणतेय बाबा. मी तिच्या नावावर खोटं लिहिणार नाही.”

“अगं, त्यात काय खोटं?”

“तिकडेही कुणीतरी असंच म्हणत असेल,” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझ्याच डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याच दुपारी मी माझ्या स्वतःच्या नावाने लिहिलं. मावशी बरी आहे की नाही ते मी सांगणार नाही. आधी तुम्ही कोण ते सांगा.

उत्तर तासाभरात आलं. तो त्याच्याच खोलीत राहणारा, रत्नागिरीकडचा एक मुलगा होता, कंपनीच्या ऑफिसात कारकून. मावशीच्या मुलाला कॉम्प्युटर येत नव्हता. पहिली ईमेल त्याने सांगायची आणि याने लिहायची असं ठरलं होतं, पण त्याच आठवड्यात तो कामावर परांचीवरून खाली पडला. मांडीचं हाड मोडलं होतं, दोन ऑपरेशनं झाली होती, अजून हॉस्पिटलमध्येच होता. आईला कळवायचं नाही अशी त्याने शपथ घातली होती. म्हणून हा एकटाच लिहीत होता. “ताई, मला ‘मजेत आहे’च्या पुढे काही सुचत नव्हतं,” असं त्याने लिहिलं होतं.

म्हणजे इतके दिवस इकडून मी लिहीत होते, तिकडून तो. एकमेकांचं तोंडही न बघितलेली दोन माणसं एकमेकांना ‘तब्येतीची काळजी घे’ म्हणत होती, आणि ज्यांची पत्रं ती, त्यांतला एक प्लास्टरमध्ये आणि दुसरी आमच्या खुर्चीत. मला आधी हसू आलं. मग भयंकर राग आला.

“तिला सांगू नकोस,” बाबा म्हणाले. “हाय खाईल बाई.” मी सरळ चपला घालून खाली गेले. कोळणीला तिच्या मुलाबद्दल काय कळावं आणि काय नाही, हे ठरवणारे आम्ही कोण? तिच्या मुलाने ठरवलं तेही मला पटलं नव्हतं.

मावशी पाटीला लावायला फडकं धूत होती. मी सांगितलं, तुझं खरं होतं, तो लिहीत नव्हता. का, तेही सांगितलं. तिने फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि मग भिंतीला हात लावून उभी राहिली.

“जिता हाय ना?”

“हो गं मावशी. पाय बरा होतोय.”

“मंग बोलू दे त्याला माज्याशी.”

ते जमवलं कुणी? त्याच इंटरनेटने. मी लिहिलं, त्या मुलाने हॉस्पिटलवाल्यांना गळ घातली, शुक्रवारी दुपारी मावशीच्या मुलाला चाकाच्या खुर्चीवरून फोनपर्यंत न्यायचं ठरलं. काकांना हेही सांगितलं मी, तोंडावर.

शुक्रवारी अख्ख्या बिल्डिंगला तंबी होती, आमच्या फोनला कोणी हात लावायचा नाही. मी मोडेमची वायर काढून मावशीच्या हातात दिली, म्हणजे तिची खात्री पटावी. ती खुर्चीत बसली, मांडीवर तो शर्ट. वेळ झाली. फोन वाजेना. आणखी थोडा वेळ गेला. मी गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. आत येऊन बघते तर मावशी रिसीव्हर कानाला लावून बसलेली.

“काय करतेस?”

“आयकतंय. तुजा ता कुईं कुईं परत सुरू नाय ना झाला, ता बगतंय.”

“कधीपासून?”

“मगासधरून. परत परत उचलून बगतंय.”

तिचा माझ्या वायरीवर विश्वास नव्हता. ती मोडेमवर पहारा देत बसली होती आणि त्या पहाऱ्यानेच लाइन एंगेज होती! मी “अगं मावशी!” म्हणून किंचाळले, रिसीव्हर तिच्या हातातून ओढला आणि आपटला. आपटताक्षणी फोन वाजला.

तिने उचलला, पण नेहमीसारखी ओरडली नाही. पलीकडून “काय गो आये” एवढं मला दोन हातांवरून ऐकू आलं. ती नुसती ऐकत राहिली. तो हॅलो हॅलो करत होता, लाइन गेली काय विचारत होता, ती डोळे मिटून ऐकत होती. मग एकदम सुटली. “मेल्या, तंगरी मोरून परलास नि मना मजेत हाय लिवतंस? मी काय परकी हाय?” बाबांनी उठून पंखा मोठा केला. ती रडत होती, शिव्या देत होती, जेवलास काय विचारत होती, सगळं एकत्र. शेवटी म्हणाली, “तो लिवनारा कोन हाय, दे त्याला.” आणि त्या रत्नागिरीच्या मुलाला तिने दम भरला, “तुजी माया हाय बाला, मना कललं. पन लिवशील तर ह्याच्या तोंडचा लिव. तुज्या मनचा नको.”

बिल्डिंगला वाटलं, एवढं झाल्यावर मी हात जोडीन आणि कनेक्शन काढून टाकीन. का काढू? फोन असता आणि ईमेल नसती, तर त्या मुलाने फोनवरही ‘तो कामावर गेलाय’ म्हणून सांगितलंच असतं. खोटं बोलायला माणसाला वायर लागत नाही. पण वायरीने तिच्याकडून मुलाचा आवाज हिरावून घेतला हेही खरं, आणि ते मला काकांनी नाही, मावशीने शिकवलं. दोन्ही खरं आहे. निबंधात एकच बाजू लिहायची असते, म्हणून मला ते निबंध आवडत नाहीत.

सोमवारी ईमेल आली. मी वाचायला लागले आणि अडखळले. मग माझ्या शाळेतल्या उच्चारांत कशीबशी वाचली. मावशीने हात वर केला.

“आसा नको. तो बोलतंय तसा वाच.”

मग मी गळा मोकळा केला आणि त्याच्यासारखी वाचली, मस्कतला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “काय गो आये. पलस्तराचे आत पाय खाजतंय. इकरची डाल नुसती पानचट. तुजे हातचा कालवन पायजे. रातचा दुकतंय तवा तुजी आटवन येते. तो वरचा काका जिता हाय का अजून?”

गॅलरीत माणसं जमली होती. वरचे काकाही होते. मी ती ओळ गाळली नाही.

मावशी हसत होती आणि डोळे त्या शर्टाला पुसत होती. मला परत वाचायला लावलं, आणि परत एकदा. मग शर्टाची घडी घातली.

“आता आयलाय,” म्हणाली, आणि जायला उठली. दारात थांबून मोडेमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“ह्या रोज वाचाचा,” ती म्हणाली. “पन शुक्करवारी फोन माजा.”